चाकाच्या आवाजाआड

उन्हाळा लागला की जर्मनीतल्या एल्बे नदीवरची ती जुनी आगबोट परत धूर सोडायला लागते. थंडीभर तिला धक्क्याला बांधून ठेवतात, गंज खरवडतात, पितळ घासतात, आणि झाडांना पालवी फुटली की तिच्या पोटात कोळसा ढकलतात. यंदा मी भुसावळहून ब्राउनश्वाइगला आले त्याच आठवड्यात नातीने, तन्वीने, मोबाइलवर तिचं चित्र माझ्या नाकासमोर धरलं. "आजी, गुक माल! दास शिफ!" म्हणजे बघ, ती बोट. मी बघितली. काळं धुरांडं, पांढरं अंग, कुशीला ते अर्धगोल चाकाचं खोकं. माझी जीभ आपोआप खालच्या ओठाच्या आत गेली. तिथे एक गाठ आहे, टाके पडले होते त्याची. "दिसली," मी म्हणाले. "आता जेव."

उन्हाळा म्हटला की लोकांना मोगरा आठवतो, वाळा आठवतो, माठातलं पाणी आठवतं. मला तो एक उन्हाळा आठवतो, आणि त्याचा आधी आवाज येतो. चित्र मागून येतं.

आवाज चाकाचा. ज्यांनी असली बोट पाहिली नसेल त्यांना सांगते. हिला मागे पंखा नसतो. दोन्ही कुशींना फळ्यांची दोन मोठी चाकं असतात आणि ती पाण्याला मारत मारत बोट पुढे नेतात. एक फळी पाणी ओकत वर निघते, तोवर दुसरी आदळते, तिच्यामागे तिसरी. वर पत्र्याचं खोकं असतं. त्याच्या आत अंधारात पाण्याचा नुसता चेंदामेंदा चाललेला असतो. बोटीच्या मधोमध कठड्यातून खाली यंत्र दिसतं. मांडीएवढे जाड लोखंडी दांडे तेलाने चकाकत पुढे येतात, मागे जातात, परत पुढे येतात. केकचा तुकडा हातात घेऊन लोक कठड्यावर वाकतात आणि "शोन, शोन" म्हणतात. सुंदर, सुंदर. मला सुंदर काही दिसलं नाही. मध्ये कोणाचा हात आला तर तो दांडा थांबणार नाही, एवढंच दिसलं.

कोळसा मला नवा नाही. माझा नवरा रेल्वेत फायरमन होता. वाफेच्या इंजिनात उभं राहून भट्टीत फावड्याने कोळसा मारायचा. आयुष्यभर मी त्याला अहो म्हणाले. आता तो मेला आहे, कागदावर अरे-तुरे करते. त्याची हरकत येणार नाही.

आमची क्वार्टर यार्डाला लागून होती. भिंती एका विटेच्या. शेजारणीने भाकरी थापली की आमच्या मांडणीतल्या ताटांना कळायचं. अशा घरात बायकोला मारायचं तर अक्कल लागते, आणि ती माझ्या नवऱ्याला होती. राग सकाळी आला तरी तो मालगाडीची वाट बघायचा. खाटेवर बसून राहायचा, बिडी ओढायचा, माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. लांबून शिट्टी ऐकू आली की उठून कडी लावायचा. मग मनगटावरचं घड्याळ काढायचा. ते माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं होतं, काचेला तडा गेलेला त्याला चालला नसता. घड्याळ बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवायचा. एवढ्यात जमीन हलायला लागायची, भांडी वाजायला लागायची, डबे मागून डबे मागून डबे, आणि त्या सगळ्या धडधडीत त्याचा हात. गार्डाचा डबा गेला की हात थांबायचा. घड्याळ परत मनगटावर चढायचं. मी पदर सारखा करायचे आणि चुलीवर काय करपलं ते बघायचे.

माझा मुलगा मिलिंद तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. शिट्टी झाली की तो पाटीवरची पेन्सिल खाली ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. गाडी गेली की पेन्सिल उचलून जिथे थांबला होता तिथून पुढे लिहायचा.

मी कधी ओरडले नाही. एवढ्या आवाजात ओरडले असते तरी कोणाला ऐकू गेलं असतं? पण एक भीती असायची. गाडी मध्येच संपली आणि आपला आवाज तेवढा उरला तर? सगळी चाळ ऐकेल. म्हणून दात दाबून धरायचे. एकदा दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, बाई, हे काय? मी म्हणाले, मोरीत पडले.

पुढे यार्डात वाफेची इंजिनं कमी झाली आणि डिझेलची आली. शिट्टीच्या जागी भोंगा आला. मला वेडीला वाटलं, आता आवाज कमी होईल. पण डिझेल इंजिन जास्त डबे ओढतं. गाडी लांबली, तसा मारही लांबला.

रविवारी आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत विहारात जायचो. हात जोडून पंचशील म्हणायचो. त्यातलं पहिलंच शील, कुठल्याही जिवाला इजा करणार नाही. नवऱ्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मिलिंदचा त्याच्या खालोखाल. माझ्या बरगड्या दुखत असायच्या म्हणून मी हळू म्हणायचे.

मिलिंद शिकला. मी त्याला मारून मुटकून शिकवला नाही, तो आपणहूनच शिकला. ब्राउनश्वाइगला गाड्यांच्या बॅटऱ्यांवर संशोधन करायला लागला. सून सुजाता नागपूरची, सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. नवरा गेल्यावर मिलिंदने मला उन्हाळ्यात तिकडे बोलवायला सुरुवात केली. घर झकास. आणि काय ती शांतता! इथे शांतता म्हणजे कायदाच आहे. दुपारी गप्प, रात्री गप्प, रविवारी तर भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. खालची म्हातारी आमच्या पायांच्या आवाजाला झाडूच्या दांड्याने छत ठोकते. मला वाटलं, पोरगं यार्डापासून किती लांब आलं.

त्या उन्हाळ्यात मी आले आणि दोन-चार दिवसांत, संध्याकाळी, स्वयंपाकघरातून मिलिंदचा आवाज आला. अगदी गोड.

"सुजाता, मिक्सर लाव."

मिक्सर सुरू झाला. मी माझ्या खोलीत पडले होते. ज्या बाईने आयुष्यभर वाटणं केली तिला मिक्सरचं भांडं भरलेलं आहे की रिकामं हे भिंतीपलीकडून कळतं. भरलेलं आधी घुर्रकन अडतं, मग मोकळं होतं. हे पहिल्यापासून मोकळंच किंचाळत होतं. किंचाळत राहिलं. मग बंद झालं.

जेवायला बसलो. ताटात चटणी नव्हती.

"वाटलेलं काय झालं गं?" मी विचारलं.

"अहो आई, बिघडलं. टाकून दिलं." तिने उजव्या हाताने वाढलं. डावा मांडीवरच ठेवला होता.

पुन्हा तसंच झालं. पुन्हा. मारायचा तो, पण आवाज तिने स्वतःच्या हाताने लावायचा. माझ्या नवऱ्याला एवढं सुचलं नव्हतं. शिकलेला माणूस.

तळघरात, ज्याला इथे केलर म्हणतात, सगळ्या बिऱ्हाडांची कपडे धुवायची यंत्रं असतात. तिथे मी तिला गाठलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, आई?"

"मिक्सर."

ती टॉवेलची घडी घालत राहिली. मोडली, परत घातली. "दार लागलं होतं हाताला."

"दाराला मिक्सर कशाला लागतो?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. चिडली. "तुम्ही काय केलं होतं हो तुमच्या वेळेला?"

"काही नाही केलं."

"मग मला विचारू नका. तुमच्याकडे परतीचं तिकीट आहे. मला इथेच राहायचंय, त्यांच्याबरोबर, तन्वीला घेऊन."

खरं बोलली. मला राग नाही आला. पण त्या केलरमधून वर येताना मी ठरवलं की मी परत जायच्या आत हिने तोंडाने एकदा कोणाला तरी सांगायला पाहिजे. इथल्या माणसाला, जो काही करू शकेल. मी सांगून उपयोग नव्हता. मला भाषा येत नव्हती, आणि मार मी खात नव्हते. तिच्या तोंडून "दार" निघत राहिलं तर एक दिवस मला भुसावळला फोन येणार आणि त्या फोनवर सुजाताचा आवाज नसणार. हे मला दिसत होतं, ताटातली भाकरी दिसते तसं.

आगबोटीची सहल मिलिंदनेच काढली. रविवार होता. गाड्या बदलून आम्ही नदीकाठच्या त्या लहान गावी निघालो. आगगाडीत समोर एक जर्मन बाई बसली होती. मिलिंद सुजाताकडे वळला, छान हसला, आणि लाडाच्या आवाजात म्हणाला, "पाण्याची बाटली विसरलीस ना? डोकं कुठे ठेवून येतेस? घरी गेलो की आठवण करून देतो हं."

समोरची बाई त्याला काहीतरी म्हणाली. त्याने मान लववून "डांके" म्हटलं, आभार. मी तन्वीला विचारलं, काय म्हणाली? सुजातानेच खालमानेने सांगितलं, "किती गोड भाषा आहे तुमची, म्हणाल्या."

परमुलखात आपल्या भाषेचा असाही उपयोग होतो. पडद्यासारखा. चेहरा हसरा ठेवायचा, सूर मऊ ठेवायचा, आणि त्याआड काहीही करायचं. तन्वी खिडकीला नाक लावून बसली होती. तिला मराठी येत नाही असं मिलिंद सगळ्यांना सांगायचा, कारण ती उत्तर नेहमी जर्मनमध्ये देते. मी मात्र रोज सकाळी तिच्याबरोबर पावाच्या दुकानात जायचे. मी मराठीत सांगायचे, ती दुकानदारणीला जर्मनमध्ये सांगायची, एक शब्द न गाळता. मी म्हणाले, "हिला म्हणावं, कालचा पाव दगड होता," तर पोरीने तेही सांगितलं. दुकानदारीण लाल झाली.

आभाळ सकाळपासून काळंनिळं होतं, मुका मार लागलेल्या कातडीसारखं. उकाडा असा की अंगावरचं पातळ चिकटत होतं. बोटीवर पाय ठेवला आणि नाकात कोळसा गेला. तेल, वाफ, तापलेलं लोखंड, ओला कोळसा. नवरा दारातून आत यायच्या आधी हा वास यायचा. मी पहिल्या पावलावरच थांबले, मिलिंदने हात धरून नेलं. चांगला धरला होता, आईचा हात धरावा तसा.

ती बोट चालवणारी माणसं पगार घेत नाहीत. आपापल्या नोकऱ्यांतून सुटलेले म्हातारे, हौस म्हणून कोळसा मारतात. ज्या कामाने माझ्या नवऱ्याची फुप्फुसं काळी झाली ते इथे लोक हौसेने करतात हे बघून मला हसू आलं. एक फायरमन वारा खायला वर आला होता, तोंड काजळलेलं, गळ्यात घामाने भिजलेलं फडकं. मी तन्वीला म्हणाले, "यांना सांग, माझा नवरा हेच काम करायचा. आगगाडीत."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. "एश्ट?" खरंच? त्याने आपला काळा हात पँटला पुसला, माझा हात धरून गदागदा हलवला आणि शिडीकडे बोट केलं. चला, तुम्ही टाका एक फावडं. माझ्या गुडघ्यांना शिडी जमणार नव्हती. मी सुजाताला पुढे केलं. "जा. सासऱ्यांचं काम बघून ये."

ती उतरली. खालून भट्टीचं दार उघडल्याचा खणकन आवाज आला आणि तांबडा उजेड जाळीतून वर आला. वर आली तेव्हा कपाळावर काजळीचा फराटा होता आणि ती हसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सबंध उन्हाळ्यात मला तिचे दात पहिल्यांदा दिसले.

मिलिंदनेही टाळ्या वाजवल्या. मग हसत हसत म्हणाला, "झाली हौस? माझा बाप असल्या भट्टीपायी मेला, त्याचा तमाशा करून दाखवायचा होता का लोकांना? ये जरा तिकडे. नदी दाखवतो."

बापाने काय काम केलं हे तो इथे कोणाला सांगत नसे, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण सांगितलं म्हणून पस्तावलेही नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी उठले.

चाकाच्या खोक्यामागे कठड्यापर्यंत अरुंद जागा असते. तिथे पाण्याचे तुषार उडतात आणि आवाज असा की स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. लोक तिथे थांबत नाहीत. मी कठड्याला धरून धरून पोचले तेव्हा ती दोघं पाठमोरी उभी होती. दुरून कोणाला वाटावं, नवरा-बायको नदी बघतायत. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर होता. दुसरा हात मुठीने तिच्या बरगडीत जात होता. आत चाकाची फळी आदळायची, इकडे हा आदळायचा. त्याने ताल धरला होता. सुजाताने कठडा पकडला होता आणि तोंड घट्ट मिटलं होतं. ते मिटलेलं तोंड मी ओळखलं.

"मिल्या!" मी ओरडले.

तेवढ्यात पूल आला. पुलाखालून जाताना ते लोक शिट्टी वाजवतात आणि धुरांडं मागे पाडतात, मान मोडल्यासारखं. माझा आवाज शिट्टीत गेला. सगळा धूर खाली आला, डोळ्यांत, घशात. धुरात मी त्याच्या शर्टाला हात घातला आणि ओढला. त्याने मागे न बघता कोपर मारलं. माझा ओठ दातावर फाटला. तोंड भरून रक्त आलं, खारट, गरम. कोपर मारताना त्याला ठाऊक होतं का की मागे मी आहे? मी हे त्याला अजून विचारलेलं नाही. उत्तर कुठलंही आलं तरी मला नको आहे.

मी पायातली चप्पल काढली.

पाठीत मारली. मानेवर मारली. तो वळला तर कानफटात मारली. म्हातारीच्या हातात केवढा जोर असतो हे मलाही माहीत नव्हतं. ज्याला मारायला पाहिजे होती तो भुसावळात जळून राख झाला होता, त्याच्या वाटणीचीही याच्यावर पडली. रक्त थुंकत मी ओरडत होते, "मारतोस? बायकोला मारतोस? बापासारखा आवाजाआड लपून मारतोस?"

आणि चाक थांबलं.

धक्का जवळ आला होता. खाली घंटी वाजली, दांडे थबकले, पाणी नुसतं गळत राहिलं. सगळ्या नदीवर माझाच आवाज तेवढा उरला. जन्मभर ज्याची भीती होती तेच झालं. बोटीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. हातांत केक तसेच.

त्यांना काय दिसलं? हनुवटीवर रक्त, पातळ सुटलेलं, एक म्हातारी एका सभ्य माणसाला चप्पल मारतेय. बोटीवरच्या दोघांनी येऊन मला दंडाला धरलं. मिलिंदने केस सारखे केले, हसला, जर्मनमध्ये काहीतरी बोलला आणि डोक्याशी बोट फिरवलं. मला ते समजायला भाषा लागली नाही. धरणाऱ्यांचे हात एकदम हळुवार झाले. बिचारी म्हातारी.

तन्वी येऊन उभी होती. मी म्हणाले, "तन्वी, सांग यांना."

"तन्वी, नाइन," मिलिंद म्हणाला. म्हणजे नाही. या वेळी आवाज गोड नव्हता.

मी पावाच्या दुकानात बोलते तसं सावकाश बोलले. "हा माझा मुलगा. हा बायकोला मारतो. घरी मिक्सर लावून मारतो, इथे चाकाच्या आवाजात मारतो. याचा बाप मालगाडीच्या आवाजात मारायचा."

पोरीने आईकडे बघितलं. बापाकडे बघितलं. तो काजळलेला फायरमन शिडी चढून वर आला होता, त्याच्याकडे तोंड करून तिने सुरुवात केली. "माइन पापा श्लेग्ट माइने ममा." माझे पप्पा माझ्या आईला मारतात. पुढचं सगळं, एक शब्द न गाळता. मालगाडीपाशी अडली. डोळे मिटून शब्द शोधला. "ग्युटरत्सूग," म्हणाली. आणि शेवटी मी न सांगितलेलं एक वाक्य तिने आपल्या मनाने जोडलं. ते काय होतं हे सुजाताने मला नंतर सांगितलं. मिक्सरमध्ये काहीच नसतं, म्हणाली होती.

माझ्या दंडावरचे हात सुटले. फायरमन मिलिंद आणि सुजाता यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याने नुसता तळहात मिलिंदच्या छातीवर ठेवला. पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली.

धक्क्यावर पोलीस आले. एक तरुण पोलीसबाई सुजाताला थोडं बाजूला घेऊन उभी राहिली आणि तिने काहीतरी विचारलं. प्रश्न छोटा होता. मला कळला. भुसावळच्या नर्सनेही तेवढाच विचारला होता. माझं सांगून झालं होतं, पोरीचं सांगून झालं होतं, आणि त्याला आता काही किंमत नव्हती. सुजाताने एकदा दार म्हटलं असतं की आम्ही सगळे त्याच गाडीने परत गेलो असतो. घरी सोमवारी मिक्सर लागला असता.

आभाळ गडगडलं. मिलिंद लांबून तिच्याकडे बघत हसत होता, तेच हसू. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तन्वीकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. हो. मग जरा मोठ्याने, "गेनाऊ सो." अगदी असंच. आणि तिने कुडत्याची बाही खांद्यापर्यंत वर केली.

मग गारा पडल्या. बोटीच्या पत्र्यावर ताडताड, नदीभर पाणी उसळत होतं. आम्ही तिघी त्या पोलीसबाईच्या गाडीत बसलो होतो, मी तोंडाला रुमाल दाबून. कोणी कोणाला जवळ वगैरे घेतलं नाही. तन्वी म्हणाली, तिला भूक लागली आहे. डब्यातल्या पुऱ्या काढल्या, खाल्ल्या.

मिलिंदच्या घराची किल्ली पोलिसांनी त्याच्याकडून घेतली. पुढे कोर्ट झालं, वेगळे झाले. तो आता नेकारसुल्म नावाच्या गावी गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतो. मला इथे बोलवायच्या त्या लांबलचक नावाच्या सरकारी कागदावर आता सुजाता सही करते. भुसावळला जाऊबाई म्हणाल्या, पोटच्या पोराला पोलिसांच्या ताब्यात देणारी आई पहिल्यांदा बघितली. मी म्हणाले, बघा नीट.

दर उन्हाळ्यात मी मिलिंदला एकदा स्टेशनावर भेटते. तो कॉफी आणतो, मी डबा नेते. मागच्या वर्षी म्हणाला, "तू माझं घर मोडलंस."

"घर कुठे होतं? मिक्सर होता."

त्याने कॉफी ढवळली. मग म्हणाला की कोर्टाने त्याला एका वर्गाला बसवलं होतं, त्याच्यासारखेच पुरुष असतात तिथे.

"काय शिकवतात?"

"राग आला की उठून बाहेर जायचं."

"एवढंच? एवढं तर मी फुकट सांगितलं असतं."

तो हसला. खरं हसला की खोटं, मला आता ओळखू येत नाही. बोलताना तो सारखा मनगटावरचं घड्याळ चाचपत होता, आणि मी सगळा वेळ त्या घड्याळाकडेच बघत होते. त्याच्या आवडीची मेथीची भाजी मी नेते. तो सुधारला असेल असं मी कोणाला सांगत नाही. मला माहीत नाही.

सुजाताने घेतलेलं नवं घर रेल्वेच्या मालधक्क्याजवळ आहे. आवाज आहे म्हणून भाडं कमी. पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हाच मालगाडी आली. कपाटातल्या काचा वाजायला लागल्या आणि आम्ही दोघी, मी आणि ती, आपापल्या जागी थिजलो. दोघींचे डोळे दाराच्या कडीकडे गेले. दोघींनी एकमेकींना ते करताना पकडलं. शेवटचा डबा गेला. काही झालं नाही. "आई, फार आवाज आहे हो," ती म्हणाली. "घे," मी म्हणाले. "आवाजाने काय होतंय."

काल संध्याकाळी ती शेंगदाणे आणि लसूण मिक्सरमध्ये वाटत होती. आधी घुर्रकन अडला, मग मोकळा झाला. मी बाहेरच्या खोलीत तन्वीची वेणी घालत होते. मालगाडी आली. लांब होती, डबे मागून डबे. त्यात सुजाता आतून काहीतरी ओरडून विचारायला लागली, आम्हाला काही ऐकू येईना, तन्वी "वास? वास?" म्हणजे काय, काय, असं ओरडायला लागली, आणि मध्येच गाडी संपली. सगळ्या घरात, सगळ्या जिन्यात सुजाताचा आवाज तेवढा उरला, "...मीठ घातलंय का कोणी यात?"

तन्वी हसून हसून माझ्या मांडीवर पडली. वेणी सुटली.

"नाही घातलं! घाल!" मी ओरडून सांगितलं. गाडी तर गेली होती. तरी ओरडूनच.